पहिल्या पाच मिनिटांचा हिशेब: ‘एज ऑफ मिथॉलॉजी’विषयी वाचकांचे प्रश्न

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न ‘एज ऑफ मिथॉलॉजी’ या युद्धनीतीच्या संगणकीय खेळाच्या सुरुवातीच्या डावपेचांविषयी आहेत. काही वाचक २००२ सालचा मूळ खेळ खेळतात, तर काही २०२४ मध्ये आलेली ‘रीटोल्ड’ ही आवृत्ती. खालील उत्तरे दोन्हींना लागू पडतात आणि जेथे फरक आहे तेथे तसे सांगितले आहे.

प्रश्न: मी ग्रीक, इजिप्शियन, नॉर्स असे आलटून पालटून खेळतो. दर वेळी दहाव्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याचे सैन्य माझ्या दुप्पट असते. नवख्याने कोणत्या संस्कृतीपासून सुरुवात करावी आणि सैन्य लवकर कसे उभारावे?

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण खरी अडचण तेथेच आहे. दहाव्या मिनिटाला दिसणारे सैन्य हे पहिल्या पाच मिनिटांत तयार झालेल्या गावकऱ्यांचे फळ असते. आपला एखादा खेळ पुन्हा लावून पाहा आणि फक्त टाउन सेंटरकडे, म्हणजे गावकरी तयार करणाऱ्या मुख्य इमारतीकडे, लक्ष ठेवा. मी शिकवलेल्या बहुतेक नवख्या खेळाडूंच्या बाबतीत एकच चित्र दिसले: खेळाडू स्काउट, म्हणजे टेहळ्या, घेऊन नकाशा धुंडाळत असतो, कुठे हरणे सापडली म्हणून आनंदतो आणि तेवढा वेळ टाउन सेंटर रिकामे उभे असते. कधी अन्न संपलेले असते, तर कधी लोकसंख्येची मर्यादा वाढवणारे घर बांधायचे राहून गेलेले असते. अशी वीस-वीस सेकंदांची रिकामी जागा चार-पाच वेळा पडली, की प्रतिस्पर्धी पुढे निघून जातो आणि मग कितीही चांगली लढाई केली तरी ते अंतर भरून निघत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की गावकऱ्यांची रांग तुटू द्यायची नाही आणि लोकसंख्येची मर्यादा गाठायला तीन-चार माणसे शिल्लक असतानाच पुढचे घर सुरू करायचे. ‘रीटोल्ड’मध्ये रांग आपोआप चालू ठेवण्याची सोय आहे, ती नि:संकोच वापरावी.

संस्कृती निवडताना ग्रीकांपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि देव म्हणून झ्यूस किंवा पोसायडन घ्यावा. ग्रीकांचा गावकरी सर्व कामे करतो, स्वतः इमारती बांधतो आणि फेवर, म्हणजे देवांची कृपा, मिळवण्यासाठी मंदिरापाशी प्रार्थनेलाही बसतो. म्हणजे एकाच प्रकारच्या माणसाचे वाटप शिकले, की संपूर्ण संस्कृती हाती येते. सुरुवातीला बहुतेकांना शिकारीला पाठवावे, दोन-तीन जणांना लाकडावर आणि थोड्या वेळाने तितक्याच जणांना सोन्यावर लावावे. शिकारीतून अन्न झपाट्याने मिळते, झुडपांवरील फळे त्याहून सावकाश मिळतात आणि शेती सर्वांत सावकाश असते, शिवाय तिच्यासाठी आधी लाकूड मोजावे लागते. त्यामुळे जवळ शिकार असताना शेते आखण्याची घाई करू नये. आपल्या शेळ्याही लगेच कापू नयेत. पाळीव जनावरे वेळेबरोबर धष्टपुष्ट होतात आणि थोडे थांबले तर त्यांच्यापासून अधिक अन्न मिळते.

आर्केइक या पहिल्या युगातून क्लासिकल या दुसऱ्या युगात जाण्यासाठी मंदिर आणि ४०० अन्न लागते. नवख्या खेळाडूने पाच ते साडेपाच मिनिटांत हे साधले, तर ते समाधानकारक मानावे. मंदिर उभे राहताच दोन-तीन गावकरी प्रार्थनेला बसवावेत. प्रार्थना करणारे वाढवत नेले, तरी प्रत्येक नव्या माणसामागे मिळणारी कृपा कमी कमी होत जाते, त्यामुळे तेथे दहा जण बसवणे म्हणजे हातची माणसे वाया घालवणे होय.

प्रश्न: इजिप्शियन खेळताना फेरोचे नक्की काय करायचे? मी त्याला स्काउटसारखा फिरवतो.

कृपया तसे करू नका! फेरो, म्हणजे इजिप्तचा राजा, हा त्यांच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. तो एखाद्या इमारतीला आपली शक्ती देतो, तेव्हा त्या इमारतीचे काम जलद होते: टाउन सेंटरमधून माणसे लवकर बाहेर पडतात, धान्यकोठारात जमा होणारे अन्न वाढते आणि अर्धवट बांधकाम लवकर पुरे होते. इजिप्शियनांच्या बहुतेक इमारतींना लाकूड लागत नाही, मात्र त्यांचे बांधकाम संथ असते; फेरो हा त्या संथपणावरचा उतारा आहे.

यावरूनच त्यांची सुरुवात कशी असावी ते ठरते. लाकडावर जवळजवळ कोणीही नको. शिकारीच्या कळपाशेजारी धान्यकोठार, सोन्याच्या खाणीला लागून खाणीचा तळ, आणि सर्व माणसे या दोन ठिकाणी विभागलेली, असे साधे चित्र ठेवावे. फेरो प्रथम टाउन सेंटरपाशी, पुढे शिकारी भराभर अन्न आणू लागले की धान्यकोठारापाशी आणि मंदिराचा पाया घातल्यावर मंदिरापाशी, अशा क्रमाने हलवावा. फेवर स्मारकांमधून आपोआप मिळते, त्यामुळे पहिले स्मारक लवकर उभारावे. ते जितके आधी तितकी कृपा अधिक साठते. रा हा देव निवडल्यास पुरोहितही इमारतींना शक्ती देऊ शकतात आणि ही सोय नवख्याला फार उपयोगी पडते.

प्रश्न: नॉर्स खेळताना माझे गावकरी घरेच बांधत नाहीत. फेवरही शून्यावर राहते. मला काय समजलेले नाही?

नॉर्स संस्कृतीत शेत वगळता बहुतेक इमारती पायदळातील सैनिक बांधतात आणि फेवर लढण्यातून मिळते. गोळा करणारे केवळ गोळा करतात. ही विभागणी एकदा मनात पक्की झाली, की नॉर्सइतकी मोकळी सुरुवात दुसऱ्या कोणाची नाही, कारण अन्न आणणारा एकही माणूस बांधकामासाठी काम सोडून जात नाही. सुरुवातीच्या सैनिकाला घर, मंदिर, पुन्हा घर अशी कामे रांगेने लावून द्यावीत आणि जमल्यास त्याच्या जोडीला आणखी एक सैनिक लवकर तयार करावा.

आपल्या पत्रात नसलेली, पण बहुधा आपल्या हातून होत असलेली एक चूक येथे सांगतो. नॉर्सांचे कोठार म्हणजे बैलगाडी, आणि ती चालती आहे. शिकाऱ्याने पहिला वार करताच हरणे उधळतात. पुढचे हरीण वीस पावले दूर पडते, त्यापुढचे आणखी दूर, आणि शिकारी मांसाचे ओझे घेऊन जुन्या जागी उभ्या असलेल्या गाडीकडे पायपीट करत राहतात. पडद्यावर सगळे कामात दिसतात, अन्नाचा आकडा मात्र हलत नाही. दर अर्ध्या मिनिटाला गाडीवर टिचकी मारून ती शेवटच्या पडलेल्या जनावरापाशी नेण्याची सवय लावून घ्या. शिवाय हरणांवर पलीकडच्या बाजूने चालून गेलात, तर ती आपल्या टाउन सेंटरच्या दिशेने पळतात. ही युक्ती इतर संस्कृतींनाही तितकीच लाभदायक आहे.

ड्वार्फ, म्हणजे नॉर्सांचे दुसऱ्या प्रकारचे बुटके कामगार, सोन्याच्या खाणीवर अधिक चांगले काम करतात आणि त्यांची किंमत अन्नात नसून सोन्यात असते. म्हणून अन्न क्लासिकल युगासाठी राखून सोन्यातून ड्वार्फ वाढवणे हा नॉर्सांचा चांगला मार्ग आहे, विशेषतः थोर हा देव निवडल्यास, कारण त्याचे ड्वार्फ स्वस्त पडतात. फेवरसाठी क्लासिकल युगात शिरताच तीन-चार सैनिकांची छोटी तुकडी शत्रूच्या लाकूडतोड्यांवर सोडावी. ती परत आली नाही तरी चालेल. तेवढ्या चकमकीतून कृपा मिळू लागते.

प्रश्न: अटलांटियन नागरिक फार महाग वाटतात. मी मागे पडतो आहे का?

माणसे मोजलीत तर तसे वाटेल, पण येथे मोजण्याचे माप वेगळे आहे. एक अटलांटियन नागरिक इतरांच्या एकाहून अधिक गावकऱ्यांचे काम करतो आणि गोळा केलेले साहित्य त्याला कोठारात नेऊन टाकावे लागत नाही. त्यामुळे कोठारांचे लाकूड वाचते, मात्र एखादा नागरिक मारला गेला तर घाव मोठा बसतो. त्यांना सुरुवातीला फार दूर पाठवू नये, एवढी काळजी पुरेशी आहे. फेवर २००३ च्या विस्तारात टाउन सेंटरमधून आपोआप येत असे. ‘रीटोल्ड’मध्ये ते काम ओरॅकल, म्हणजे अटलांटियनांचे टेहळे, करतात, म्हणून त्यांना एकमेकांपासून दूर आणि स्थिर उभे करावे.

प्रश्न: पहिली दैवी शक्ती केव्हा वापरावी? मी ती शेवटपर्यंत राखून ठेवतो.

ते शक्तीच्या स्वरूपावर अवलंबून आहे. अर्थव्यवस्थेला हातभार लावणारी शक्ती जितकी लवकर वापराल तितका तिचा लाभ दीर्घकाळ मिळतो. ओडिनची शिकारीचे कळप वाढवणारी शक्ती कळप जिवंत आणि मोठा असतानाच वापरावी. निम्मी जनावरे मारून झाल्यावर ती आठवली तर उपयोग निम्माच. पोसायडनचा जनावरांना ओढून आणणारा दगड धान्यकोठाराला चिकटून ठेवावा. याउलट झ्यूसची वीज एकाच शत्रूला ठार करते, म्हणून ती साध्या भालाइतावर खर्च न करता मोठ्या पौराणिक प्राण्यासाठी किंवा हिरोसाठी, म्हणजे विशेष वीर योद्ध्यासाठी, राखावी. मूळ खेळात ग्रीक, इजिप्शियन आणि नॉर्सांची प्रत्येक शक्ती एकदाच वापरता येत असे, त्यामुळे राखून ठेवण्याची आपली सवय समजण्यासारखी आहे. ‘रीटोल्ड’मध्ये फेवर मोजून ती पुन्हा वापरता येते.

प्रश्न: सातव्या मिनिटालाच शत्रूचा मिनोटॉर आणि चार सैनिक येऊन गावकऱ्यांना मारतात. काय करावे?

प्रथम घंटा वाजवून गावकऱ्यांना टाउन सेंटरमध्ये घ्यावे. आत माणसे असली की तेथून अधिक बाण सुटतात. पौराणिक प्राणी साध्या सैनिकांना भारी पडतात, हिरो त्या प्राण्यांना भारी पडतात आणि साधे सैनिक हिरोंना भारी पडतात, हे चक्र येथे कामी येते. म्हणजे मिनोटॉरवर हिरो सोडावा: ग्रीकांचा हिरो, इजिप्तचे पुरोहित, नॉर्सांचा हेरसिर किंवा हिरो बनवलेला अटलांटियन नागरिक. उरलेल्या चौघांसाठी ते कोण आहेत हे पाहून सैनिक निवडावेत. घोडेस्वारांवर पायदळ, धनुर्धरांवर घोडेस्वार आणि पायदळावर धनुर्धर. धोका टळताच दुसऱ्यांदा घंटा वाजवून सर्वांना कामावर परत पाठवावे. हे दुसरे वाजवणे अनेकजण विसरतात, आणि हल्ल्यात जेवढे नुकसान झाले नसते तेवढे त्या रिकाम्या मिनिटात होते.