घरात कोरोना मीच आणला

"माझ्यामुळे घरात कोरोना आला आणि माझं माणूस गेलं." साथ ओसरली, मास्क कपाटात गेले, तरी हे वाक्य माझ्याकडे, समुपदेशनाच्या खोलीत, अजून येतं. बोलणारी कधी नर्स असते, कधी दूधवाला, कधी लग्नाला जाऊन आलेला मुलगा. पहिल्या भेटीत कुणी सांगत नाही. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, पोरांवर उगाच ओरडणं होतं, अशा तक्रारी घेऊन लोक येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत उठता उठता हे बोलून जातात.

मानेवाड्याकडच्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे. त्या बँकेत कॅशियर. ६४ वर्षांची आई त्यांच्याकडेच राहायची, तिला शुगर होती. एप्रिल २०२१ मध्ये ती गेली. त्या महिन्यात नागपुरात बेडसाठी लोक कसे फिरत होते आणि घाटावर कसे नंबर लागत होते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. बँका मात्र चालू होत्या.

"मी काहून जात राहिली मॅडम बँकेत? सुट्टी टाकली असती तर आई असती ना." हे त्यांचं रोजचं. त्यात दर पितृपक्षात जेवायला बसलं की मामींचं ठरलेलं वाक्य: "बाई तर घराबाहेर पडत नव्हती, मग आला कुठून बाप्पा?" मामी कुणाकडे बोट दाखवत नव्हत्या. पण ताईंचा घास तोंडातच फिरायचा.

"तुमचा काही दोष नाही हो" असं मी म्हणत नाही. नवरा, भाऊ, मैत्रिणी सगळ्यांनी ते म्हणून झालेलं असतं आणि ऐकणारा मनातल्या मनात लगेच उलटतपासणी सुरू करतो. मी आधी सरळ विचारलं, जगणं नको वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. त्या नाही म्हणाल्या. हो म्हणाल्या असत्या तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, बाकी सगळं नंतर.

त्यांच्याकडे २०२१चं कालनिर्णय अजून होतं. ते घेऊन या म्हटलं. एप्रिलच्या पानावर आईचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. एका चौकोनात "सिलिंडर लावला", दुसऱ्यात "दूध १ जास्त", १३ तारखेला पाडव्याच्या खाली "गाठी, कडुनिंब". १५ पासून पुढे पान कोरं. ताईंनी त्या कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग आम्ही पेन्सिल घेतली. नियम एकच: त्या त्या दिवशी जे माहीत होतं तेवढंच त्या चौकोनात लिहायचं. नंतर कळलेलं सगळं वेगळ्या कागदावर, कधी कळलं त्या तारखेसकट.

८ एप्रिल, गुरुवार. ताईंचा घसा खवखवला. आदल्याच दिवशी कूलर लावला होता, थंड हवेने घसा धरला असं वाटलं. १० तारखेला आईला ताप. "मला आधी झालं, म्हणजे माझ्याकडूनच ना?" असं होत नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोनपासून चौदा दिवस कितीही लागू शकत होते, आणि लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकत होता. कुणाला आधी खोकला आला यावरून कुणी कुणाला दिला हे ठरत नाही. लगेच त्यांना ओट्यावर येऊन बसणारी शेजारीण आठवली. तो विषय मी तिथेच थांबवला. खापर एका डोक्यावरून काढून दुसऱ्या डोक्यावर फोडण्यासाठी आम्ही बसलो नव्हतो.

"मी भाजी मिठाच्या पाण्यात धुवायची, पिशव्या उन्हात टाकायची. त्यात कुठं चुकली?" तेव्हा हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर खूप जोर होता. बंद खोलीत विषाणू हवेत तरंगत राहून दूरवर पोचतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या माहितीत स्पष्टपणे घातलं ३० एप्रिलला. विषाणूच्या नव्या प्रकाराला डेल्टा हे नाव मिळालं ३१ मे रोजी. दोन्ही वेगळ्या कागदावर.

लसीचंही तसंच. आईचा पहिला डोस मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाला होता. "दुसरा लवकर दिला असता तर?" २२ मार्चला केंद्राने कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर चार ते आठ आठवडे करायला सांगितलं होतं. म्हणजे नियमाने दुसऱ्या डोसची पाळी आईला ताप येण्याआधी येतच नव्हती.

आणि रेमडेसिविरचं इंजेक्शन. त्यासाठी भाऊ रात्र-रात्र शहरभर फिरला, तरी सगळ्या व्हायल मिळाल्या नाहीत, ही त्याची वेगळी टोचणी. खरं तर दवाखान्यात भरती रुग्णांना ते देऊ नये, जीव वाचतो असा पुरावा नाही, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता. पण डॉक्टरने चिठ्ठी हातात दिल्यावर कोणता मुलगा सल्ले वाचत बसेल?

कागद भरत गेला. तरी मी त्यांना म्हटलं, "ताई, कदाचित तुमच्याकडूनच आला असेल." त्या भडकल्या. पर्स उचलली आणि निघाल्या. पुढच्या भेटीला येतील की नाही याची मला खात्री नव्हती, पण हे टाळून चालत नाही. "माझ्याकडून आलाच नाही" हे सिद्ध झाल्यावरच झोपायचं ठरवलं तर जन्मभर झोप येणार नाही, कारण ते सिद्ध होण्यासारखं नाही. आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाणं निराळं आणि कुणाचं वाईट करणं निराळं.

त्या आल्या. मी विचारलं, उलटं झालं असतं, आईकडून तुम्हाला लागण झाली असती आणि तुम्ही गेला असता, तर आईला काय म्हटलं असतं? "म्हटलं असतं, आई, गप बस. डोकं नको फिरवू." आणि मग रडल्या.

आईला दवाखान्यात नेलं तेव्हा ताई स्वतः विलगीकरणात होत्या, शेवटचं दर्शन नाही. भावाने एकट्याने रामटेकला अंबाळा तलावात अस्थी सोडल्या. त्यावर बहीण-भाऊ कधी बोललेच नव्हते. दोघं पुन्हा तिथे जाऊन आले, भावाने त्या दिवसाचं सगळं सांगितलं. माझ्या मते, अर्धं काम त्या एका प्रवासाने केलं.

प्रत्येक दुःखाला आजार म्हणू नये. पण सहा महिने उलटूनही ते तसंच तीव्र असेल, काम-जेवण-झोप चालत नसेल, तर मदत घ्यावी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

यंदा पितृपक्षात मामी पुन्हा सुरू झाल्या. ताई म्हणाल्या, "आला असेल माझ्याकडूनच, मामी. कढी वाढू अजून?" मामींना काय बोलावं सुचेना.

घरात कुणी रात्री खोकलं की ताईंच्या पोटात अजून गोळा येतो. आता आमचं त्यावर चालू आहे.