आधी टीडीएसचा पेन बाजूला ठेवा

‘वाघोलीला आल्यापासून केस चिकट होतात, गळतात, अंघोळीनंतर अंग खाजतं, सोसायटी म्हणते टीडीएस 450, पाणी उत्तम. शॉवर फिल्टर घेऊ का?’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळेच क्षार, आणि पेन म्हणजे ते मोजायचं छोटं यंत्र. साबणाचा चोथा करून कातडीवर आणि केसांवर बसतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि ते पेनला वेगळे दिसत नाहीत. सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे तो लावल्यावरही टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. मग लोक ‘मशीन भिकार’ म्हणून काढून टाकतात.

हार्डनेस म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, पाण्याचा जडपणा. तो मोजायला थेंबांचं हार्डनेस किट आणा. रंग लालसरचा निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. पाणी बाथरूमच्या नळाचं घ्या. टँकरच्या दिवशी एकदा, बोअरच्या दिवशी एकदा.

हे बजावून सांगतोय, कारण आमच्याकडे सगळे पैसे इथेच बुडाले. सोसायटीच्या कार्यालयाने नमुना महापालिकेचं पाणी येतं त्या टाकीतून, तोही पावसाळ्यात काढला. अहवालात हार्डनेस 220 (मिलिग्रॅम प्रति लिटर). त्यावर मोठा सॉफ्टनर प्लांट बसवला. उन्हाळ्यात नळाला 600 च्या वर! रेझिन (सॉफ्टनरमधले हार्डनेस धरणारे दाणे) मिठाने ताजं करायचा टायमर 220 च्या हिशेबाने लावलेला, म्हणजे ठरल्यापैकी जेमतेम 37 टक्के पाणी गेलं की रेझिन संपायचं. उरलेल्या दिवसांत जड पाणीच. तक्रार केली की तोच अहवाल पुढे. ‘नमुना कुठून आणि कधी घेतला?’ याचं लेखी उत्तर आजतागायत नाही. तुम्ही ते पैसे भरण्याआधी मागा.

गणित सोपं आहे. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम हार्डनेस (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) धरतं. 25 लिटर रेझिन, हार्डनेस 600, अंघोळीला रोज 300 लिटर: सात दिवसांत खलास. मग ते ताजं करायला पावणेचार किलो मीठ, पाण्यात साधारण 10 टक्क्यांचं करून, सावकाश सोडायचं. घाईत ओतलं तर नुसतं वाहून जातं. बोअरला लोह असेल तर आधी लोहाचा फिल्टर, नाहीतर रेझिन खराब होतं.

आता शॉवर फिल्टर. आत 100 मिली रेझिन असलं तरी 500 हार्डनेसला 10 लिटरमध्ये संपलं; म्हणजे अर्धी बादली. कार्बनवाले क्लोरीन कमी करतात, हार्डनेस नाही. टँकरवाला हायपो (क्लोरीनचं द्रावण) जास्त ओतत असेल तर त्यांचा उपयोग आहे, पण तेव्हा रात्रभर उघडी ठेवलेली बादलीही बरंच काम करते. तुरटीने हार्डनेस जात नाही, चुंबकाने तर नाहीच.

मी डॉक्टर नाही, पण केस मुळापासून येतायत की मधून तुटतायत ते बघा. जड पाण्याने केस रखरखीत होतात, तुटतात. मुळासकट पुंजके येत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा, पाण्याला दोष देत वर्ष घालवू नका. एक्झिमालाही (खाजरा त्वचारोग) सॉफ्टनर हे औषध नव्हे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत मुलांना त्याचा फायदा दिसला नव्हता.

तोवर महिन्यातून दोन-तीनदा चिलेटिंग (केसांवरचे क्षार काढणारा) शांपू लावा, आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या आरओच्या पाण्याचे घ्या. सॉफ्टनर बसला की शांपू निम्मा करा, नाहीतर बुळबुळीतपणा जाता जात नाही. स्वयंपाकघराचा आणि कुंड्यांचा नळ मात्र त्यातून वगळायला प्लंबरला आधीच सांगा. सोडियमने माती बिघडते.