नायगारा ओलांडून खरेदी

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो. सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोला एक रात्र मुक्काम करून परतताना किती खरेदी करमुक्त?

उत्तर : २४ तास पूर्ण झाले तर माणशी २०० कॅनेडियन डॉलर. त्यापेक्षा कमी वेळ थांबलात तर काहीच नाही. पावती अमेरिकन डॉलरची असते, आणि घोळ इथेच होतो : समजा दर १.३७ असेल, तर १६० अमेरिकन डॉलरचे २१९ कॅनेडियन होतात. मग वरच्या १९ वर नव्हे, सगळ्या २१९ वर कर! दोघांची सवलत एकत्र करता येत नाही. दारू यात बसत नाही, सीमेवरच्या ड्यूटी-फ्री दुकानातली बाटलीसुद्धा नाही. जमल्यास ४८ तास थांबाच. मर्यादा ८०० होते आणि दीड लिटर वाइनही चालते.