उद्या पाणी बंद, पण मेसेज डबल का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत पंधरा-वीस आजी-आजोबांकडे अजून बटणांचेच फोन आहेत, व्हॉट्सॲप नाही, म्हणून आम्ही एसएमएसचा पॅक घेतो. इंग्रजीत नोटीस टाकली की माणशी एक मेसेज कटतो, तीच मराठीत टाकली की दोन, कधी तीन. पॅकवाला म्हणतो सिस्टीमच तशी आहे. गंडवतोय का हा आम्हाला?
– एक सेक्रेटरी, चिंचवड

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, या बाबतीत तरी नाही गंडवत. बाकीचं तुम्ही बघा!

एसएमएस म्हणजे १४० बाइटचा डबा समजा. डबा मोठा होत नाही, आत काय भरायचं तेवढं आपल्या हातात. एका बाइटात ८ बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच जागा), म्हणजे १४० बाइटचे झाले ११२० बिट. इंग्रजी अक्षर, आकडे, स्वल्पविराम वगैरे मिळून १२८ खुणांची एक यादी ठरलेली आहे आणि १२८ खुणांना ७ बिट पुरतात, मग ११२० भागिले ७, झाले १६०. हे नियम १९८० च्या दशकात युरोपात ठरले. फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचा जर्मन इंजिनियर १९८५ मध्ये टाइपरायटरवर साधीसुधी वाक्यं टाइप करून अक्षरं मोजत बसला होता आणि बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपतात हे बघून त्याचं समाधान झालं. १९९२ च्या ३ डिसेंबरला पहिला एसएमएस गेला तो 'मेरी ख्रिसमस', इंग्रजीत स्पेस धरून १५ अक्षरं.

त्या यादीत देवनागरी नाही. मग मराठी आली की फोन ती यादी बाजूला ठेवतो आणि युनिकोडवर, म्हणजे जगभरातल्या लिप्यांच्या मोठ्या यादीवर जातो, तिथे एका खुणेला १६ बिट. ११२० भागिले १६ म्हणजे ७०. आणि अख्ख्या इंग्रजी नोटिशीत एक जरी मराठी अक्षर घुसलं तरी सगळ्या मेसेजला हाच हिशोब लागतो.

पुढची गोची मोजण्यात आहे. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, फोनला सहा दिसतात : स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. तुमचीच नोटीस घ्या, 'उद्या सकाळी ९ ते १२ पाणी बंद राहील.' मी बोटं मोडत मोजलं, आकडे धरून डोळ्यांना १६ अक्षरं, फोनच्या हिशोबात स्पेस आणि पूर्णविरामासकट ३५. म्हणजे अर्धा डबा इथेच संपला आणि अजून 'कृपया पाणी भरून ठेवावे, आपले नम्र, व्यवस्थापन समिती' यायचंच आहे. ७० च्या वर गेलं की मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात जोडणीच्या माहितीला ६ बाइट जातात, म्हणून मग ७० पण नाही, तुकड्याला ६७ च.

तेव्हा 'आपले नम्र, व्यवस्थापन समिती' हे सगळं काढा, एका मेसेजात बसेल. आणि हो, मेंटेनन्सची नोटीस इंग्रजीत टाकताना ₹ ची खूण टाकू नका, 'आर एस' अशी साधी अक्षरं टाका. ही खूण आली २०१० मध्ये, त्या जुन्या यादीत ती नाही, त्यामुळे तेवढ्या एका खुणेपायी इंग्रजी मेसेजही ७० वर येतो. युरोची खूण मात्र नंतर जोडून घेतलीय, दोन अक्षरांची जागा खाते पण चालते. घ्या आता!

प्रश्न : वडिलांनी १९९८ च्या सुमारास कॉम्प्युटरवर लिहिलेल्या आठवणी सीडीवर सापडल्या. उघडल्या तर सगळं इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांचं कडबोळं. फाइल खराब झाली का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, फाइल बहुतेक ठणठणीत आहे. त्या काळातले बरेचसे मराठी फॉन्ट म्हणजे सोंग होतं. आत इंग्रजी अक्षराचाच नंबर, वरून फॉन्ट त्याला 'क' चा अंगरखा घालायचा. फॉन्ट नाही तर अंगरखा नाही. प्रत्येक फॉन्टवाल्याची वाटणी वेगळी, म्हणून फाइल कुठल्या फॉन्टात आहे ते आधी शोधा. वर्डमध्ये उघडून मजकुरावर क्लिक केलंत की वरच्या पट्टीत नाव दिसतं. मग तोच फॉन्ट टाका, नाहीतर त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. कन्व्हर्ट केल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टात 'कि' ची वेलांटी दिसते तशी आधी आणि क नंतर असायचा, युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. या अदलाबदलीतच घोळ होतात. आणि मूळ सीडीची कॉपी आधी करून ठेवा, आजच.

प्रश्न : जुना मोडेम जोडताना किंचाळायचा कशाला?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडणारी डबी. दोन मोडेम त्या तारेवरून एकमेकांना आवाजातच विचारायचे, तुला किती स्पीड जमतो, लाइन किती खराब आहे. ते आपल्याला ऐकवायची तशी गरज नव्हती, पण स्पीकर चालू असला की लाइन एंगेज आहे किंवा पलीकडे कुणीतरी माणूसच 'हॅलो हॅलो' करतोय हे कळायचं. एकदा जुळलं की स्पीकर बंद. बंद करायची कमांडही होती, 'एटी एम झीरो', पण ती माहीत असलेला माणूस आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच होता आणि तो रात्री अकरानंतरच इंटरनेट लावायचा.