सरव्याची मजुरी कोण देणार?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. 2025 च्या पावसाळ्यात आंध्रातल्या तुझ्या अरकू खोऱ्यात बेरी बोरर, म्हणजे कॉफीचं फळ पोखरणारा भुंगेरा, सापडल्याची बातमी वाचली, तेव्हाच तुझी आठवण झाली होती. तुझ्या कॉफीवाल्यांच्या सोसायटीच्या बैठकीत प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला आहे, असं तू लिहितेस. औषध कोणतं मारायचं, हा तुझा पहिला प्रश्न. त्याकडे नंतर येतो. आधी तुझ्या घरच्या पिकाबद्दल बोलू.

तू यवतमाळची, म्हणजे फरदड तुला समजावून सांगायला नको. शेवटची वेचणी झाली तरी आणखी चार पैसे सुटतील म्हणून कापसाची पऱ्हाटी उभी ठेवायची, ओलित द्यायचं, आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आयतं घर मिळवून द्यायचं. 2017 साली त्या अळीने कापसाचं काय केलं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. कॉफीची फरदड म्हणजे तोडणीनंतर झाडावर चुकून राहिलेली आणि बुंध्याशी गळून पडलेली फळं. बोररचा सगळा उन्हाळा त्यांतच जातो.

हा भुंगेरा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. काळा, मोहरीच्या दाण्याएवढा. कॉफीच्या फळातलं बी घट्ट व्हायला लागलं की मादी फळाच्या बेंबीपाशी, म्हणजे जिथं फुलाचा डाग उरतो तिथं, टाचणीएवढं भोक पाडून आत शिरते आणि बी पोखरून तिथंच अंडी घालते. महिन्याभरात नवी पिढी तयार. नरांना उडताच येत नाही, ते जन्मभर त्याच बियात राहतात आणि बहिणींशीच त्यांचा संग होतो. म्हणजे फळातून बाहेर पडणारी प्रत्येक मादी आधीच फळलेली असते. तिला जोडीदार शोधायचा नसतो, फक्त पुढचं फळ शोधायचं असतं. लोकांना एवढी एक गोष्ट नीट सांग. भिंग देऊन, फळ कापून दाखव. ‘एका फळाने काय होतंय’ हे वाक्य त्यानंतर बैठकीत येणार नाही.

आता खरी अडचण. पडलेली फळं वेचून घ्या, हे सगळ्यांनाच पटतं. खोऱ्यात कोणालाही विचार, मान डोलावेल. पण वेचायला कोणी जात नाही, कारण सरवा, म्हणजे तोडणीनंतर मागे राहिलेली फळं, वेचायला जी मजुरी लागते तेवढी त्या फळांची किंमतच नसते. एकरभर मळ्यात दोन बायकांनी दिवसभर वाकून कंबर मोडून घेतली की हाती येतात चार किलो काळी, सुकी फळं. घरच्या माणसाचा तो दिवस बुडाला तर आठवडी बाजारात मीठ-तेल कुठून येणार? आळशीपणाचा इथं संबंध नाही. साधा हिशेब आहे, आणि तो हिशेब चुकीचा नाही. पण त्या मळ्यातून उडालेली मादी शेजारच्याच्या फळात शिरते, आणि शेजाऱ्याचं नुकसान या हिशेबात कुठंच लिहिलेलं नसतं. ते लिहायला सोसायटी हवी. एकट्याला न परवडणारं काम सगळ्यांच्या पैशाने करून घेणं, हेच तुझं काम आहे. माझ्या मते बाकी सगळं त्यानंतर.

म्हणून खरेदीच्या वेळी किलोमागे छोटीशी रक्कम बाजूला काढायचा ठराव याच हंगामाआधी करून घे. रक्कम किती ते त्यांनाच ठरवू दे. त्यातून तोडणीनंतरच्या सरव्याची मजुरी द्यायची. इथं मी एक चूक होताना पाहिली आहे, ती तू टाळ. किलोवर पैसे दिले की माणसं मुद्दाम फळं मागे ठेवतात, किंवा बाहेरून पोतं भरून आणतात आणि त्या पोत्याबरोबर कीडही गावात येते. पैसे किलोला देऊ नकोस, स्वच्छ मळ्याला दे. बचत गटातल्या पाचसहा जणींनी फिरून झाडं निरखावीत, पाला सारून बघावं, आणि ‘झालं’ म्हटल्यावर मजुरी हातात पडावी. त्याच दिवशी. महिनाभराने मिळणाऱ्या पैशावर कोणी वाकत नाही.

आपल्याकडे इर्जिक असते तशी काही रीत तिथल्या पाड्यांतही असणार. कोणाचं घर शाकारायचं असेल, कोणाची भातलावणी अडली असेल, तर सगळे जमतात आणि जेवण घरमालकाचं. त्या रीतीला तिथं काय म्हणतात ते म्हाताऱ्यांना विचार आणि सरव्याच्या कामाला तेच नाव दे. ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन मोहीम’ असा फलक लावलास तर फोटो काढून लोक घरी जातील.

आता माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. आपल्या देशात हा भुंगेरा पहिल्यांदा 1990 साली निलगिरीतल्या गुडलूर भागात सापडला. नंतर तो वायनाडमध्ये आणि कोडगूत पसरला. मी तेव्हा तुझ्याच वयाचा होतो, अंगात उत्साह भरपूर. एक म्हातारा छोटा मळेवाला स्वतःहून टोपलीत फळं घेऊन आला. म्हणाला, बघा, भोकं दिसतात. आम्ही फळं कापली, भुंगेरे निघाले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या फाटकावर लाल अक्षरांचा फलक लावला, त्याच्या गोण्या अडवल्या, बैठकीत त्याचं नाव वाचून दाखवलं. व्यापाऱ्याने त्याच्या मालाचा भाव पाडला. भावाबहिणींनी त्याच्या मळ्यात कामाला यायचं सोडलं. पुढचे दोन महिने एकही माणूस टोपली घेऊन आला नाही. मला वाटलं, कीड आटोक्यात आली. शेवटी आम्ही स्वतः ओढ्याच्या कडेने चालत गेलो, तर दोन्ही अंगांच्या मळ्यांत भोकं पडलेली फळं होती. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी लपवलं होतं. त्यांना लपवायला मी शिकवलं होतं. त्या म्हाताऱ्याची माफी मी मागितली, पण त्याचं ते वर्ष मला परत देता आलं नाही.

तेव्हा पहिला नियम असा कर की कीड दाखवायला येणाऱ्याचं एका पैशानेही नुकसान होणार नाही. त्याची फळं उतरवावी लागली तर त्याला भरपाई मिळाली पाहिजे. उतरवलेल्या फळांना किलोमागे भरपाई द्यायचं तिथल्या सरकारने जाहीर केलं आहे, ते अगदी योग्य केलं. ती रक्कम प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत तू पाठपुरावा कर. कागद अडला तर तू जाऊन बस. पहिल्या दहा जणांना पैसे मिळाले की अकरावा स्वतः चालत येईल. आणि आलेल्या माणसाचं नाव बैठकीत घ्यायचंच असेल तर आभार मानायला घे.

नकाशा काढशील तेव्हा फक्त सभासदांचे मळे काढू नकोस. शहरात गेलेल्याचा सोडून दिलेला मळा, घरामागची पाचदहा झाडं, ओढ्याकाठी आपोआप उगवलेली रोपं आणि वनविकास महामंडळाचे मळे, सगळं त्यात आलं पाहिजे. भुंगेऱ्याला सातबारा वाचता येत नाही. महामंडळाच्या माणसांना आणि खासगी व्यापाऱ्यांनाही पहिल्या बैठकीपासून बोलाव, मग ते आवडोत न आवडोत. व्यापाऱ्यांशी बोलायचा मुख्य विषय गोण्या. ही कीड फार लांब उडत जात नाही, ती माणसाच्या गोणीतून आणि टेंपोतून लांबचा प्रवास करते. एका गावात भरलेली गोणी रिकामी होऊन दुसऱ्या गावात जाते, हे थांबलं पाहिजे. प्रत्येक गावाच्या गोणीला वेगळ्या रंगाचा पट्टा मारून घे. रंगाचा डबा स्वस्त आहे आणि लहान पोरांनाही कळतं की निळ्या पट्ट्याची गोणी आपली नाही.

तोडणीच्या वेळी झाडाखाली ताडपत्री किंवा जुन्या साड्या जोडून अंथरा, म्हणजे गळलेलं फळ पाल्यात हरवत नाही. भोक पडलेली फळं उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवायची. अगदी वाया गेलेली असतील ती हातभर खोल पुरायची. चांगला माल दहा-अकरा टक्के ओलाव्यापर्यंत नीट वाळवा, तेवढ्या कोरड्या बियात बोररची वीण वाढत नाही. हे सगळं बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेचे लोक तुला माझ्याहून चांगलं दाखवतील. त्यांना बोलाव, आणि प्रात्यक्षिक एखाद्या सभासदाच्या अंगणात ठेव.

सापळ्यांबद्दल एक काळजीची गोष्ट. त्यांत मेथॅनॉल आणि इथॅनॉलचं मिश्रण असतं, त्या वासाला भुंगेरे येतात. तोडणीनंतर, पहिल्या सरी पडल्यावर जुन्या फळांतून माद्या बाहेर पडतात, तेव्हा सापळे उपयोगी. पण मेथॅनॉल हे जहर आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. डबा सोसायटीच्या कुलपात राहील, सापळे भरायला दोनच माणसं जातील, आणि उरलेलं मिश्रण कोणाच्याही घरी जाणार नाही. यात ढिलाई करू नकोस. आणि सापळे लावले म्हणजे सरवा वेचायला नको, असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथं खोडून काढ.

आता फवारणी. भुंगेरा फळाच्या आत असतो, फवारा बाहेर पडतो. तो भोकाच्या तोंडाशी असतो तेवढ्या थोड्या दिवसांतच काही लागू पडतं. बिव्हेरिया नावाची कीड मारणारी बुरशी आहे, तीही तेव्हाच, हवेत ओल असताना. तुझ्या लोकांचा माल सेंद्रिय म्हणून विकला जातो, एका घाबरट फवारणीत ते प्रमाणपत्र जाईल. आणि मला दुसरीच भीती आहे. यवतमाळात त्याच 2017 मध्ये फवारणी करताना शेतमजूर विषबाधेने गेले. तू त्या जिल्ह्यातली आहेस. पाठीवर पंप आणि उघडं तोंड घेऊन कोणी झाडांत शिरताना दिसला तर त्याला थांबवायचा अधिकार तुझ्याइतका कोणालाच नाही.

आठवड्याला मोजणी कर. कोलंबियात 1988 मध्ये ही कीड आली, तेव्हापासून तिथले शेतकरी झाडं निवडून, प्रत्येकाची एक फांदी धरून, एकूण फळं किती आणि भोकांची किती ते मोजत आले आहेत. तुमच्याकडे शाळेत जाणाऱ्या मुली हे उत्तम करतील. आकडा सोसायटीच्या भिंतीवर गावाच्या नावाने लिहा, माणसाच्या नावाने नको.

या पत्राबरोबर माझं जुनं भिंग पाठवतो आहे, दहा पटीचं. त्याची दोरी बदलून घेतली आहे, गळ्यात घाल म्हणजे पाल्यात हरवणार नाही. मोजणी सुरू झाली की पहिल्या आठवड्याचे आकडे मला कळव, चांगले-वाईट जसे असतील तसे. आणि त्या टोपलीवाल्या म्हाताऱ्यासारखं तुमच्याकडे पहिलं कोण आलं, तेही लिही.

तुझा,
काका