अंतर्वलन, खळगा की घडी?

जीवशास्त्राच्या लेखाचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: 'इनव्हॅजिनेशन'ला, म्हणजे पटल आत वळण्याला, सगळीकडे 'अंतर्वलन' चालेल का? त्यांचं वाक्य असं आहे: 'ध्रुवित अभिस्तर पेशींमध्ये पेशीपटलाचे अंतर्वलन होते.' (अभिस्तर म्हणजे अवयवांना आतून-बाहेरून झाकणारा पेशींचा थर.)

शब्द बरोबर आहे. भूगोलात वली पर्वत शिकलेल्यांना 'वलन' परकं वाटायचं कारण नाही. पण अंतर्वलन ही झाली क्रिया. त्यातून जे तयार होतं त्याला वेगळं नाव लागतं, आणि तेही एकच पुरत नाही.

मूत्रपिंडातल्या नलिकेच्या सुरुवातीच्या भागातली पेशी घ्या. तिची वरची बाजू नलिकेच्या पोकळीकडे, तळ रक्तवाहिन्यांकडे. ध्रुवित म्हणायचं ते यासाठीच. वर सूक्ष्म अंकुरांची दाटी असते आणि त्यांच्या बुडाशी पटलात खळगे पडतात. गाळून आलेली प्रथिनं त्यांत अडकतात, आणि खळगा थोड्याच वेळात तुटून पिशवी होऊन आत जातो. तळाला मात्र पटल खोलवर दुमडलेलं असतं आणि त्या दुमडींमध्ये तंतुकणिका उभ्या ओळीत बसलेल्या असतात. पटलातले सोडियमचे पंप चालवायला ऊर्जा लागते, ती अशी हाताशीच मिळते. या दुमडी तुटून जात नाहीत, तिथेच राहतात. त्यांना खळगे म्हटलं तर चित्रच चुकेल. तिथे 'घड्या' लिहा.

आता क्रियापद. मराठीत घडी पडते आणि घडी घातलीही जाते. खळगा पडतो आणि पाडलाही जातो. इथे 'होते' फार मोघम आहे, कारण पटल आपणहून वाकत नाही. क्लॅथ्रिन नावाचं तीन पायांचं प्रथिन आतल्या बाजूने पंचकोन-षट्कोनांची जाळी विणतं, एप्सिनसारखी प्रथिनं पटलाच्या आतल्या थरात पाचर मारतात, आणि शेवटी डायनामिन हे प्रथिन खळग्याची मान आवळून पिशवी तोडतं. वरच्या बाजूला तेवढ्याने भागत नाही. कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या एमडीसीके पेशींमध्ये अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे, पेशीच्या सांगाड्यातले तंतू औषधाने विस्कटले, तर वरून आत घेणं अडतं, तळाकडून चालू राहतं. म्हणजे वर खळगा 'पाडावा' लागतो, तोही अ‍ॅक्टिनचा जोर लावून.

'कॅव्हिओली', म्हणजे पटलातले एका खास प्रकारचे बारीक खळगे, लेखात आल्या तर तसंच लिहा. १९५५ मध्ये यामाडा या संशोधकांनी उंदराच्या पित्ताशयाच्या अभिस्तरात पाहून हे नाव दिलं. लॅटिनमध्ये अर्थ चिमुकली गुहा. मला 'कोनाडा' मोहात पाडतो, पण जेमतेम ६० ते ८० नॅनोमीटरच्या, कॅव्हिओलिन हे प्रथिन आणि कोलेस्टेरॉल यांवर उभ्या असलेल्या या खळग्यांची ओळख त्यात हरवेल.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'ध्रुवित अभिस्तर पेशींमध्ये प्रथिनं पेशीपटल आत ओढून खळगे पाडतात, काही पेशींच्या तळाला पटलाच्या कायमच्या घड्याही असतात.' अंतर्वलन हवंच असेल तर शीर्षकात ठेवा.