‘मॉडर्न स्लेव्हरी’चा फॉर्म आलाय, सगळीकडे ‘नाही’ टिक करू का?

प्रश्न: ताई, आमची पिंपरीत हाऊसकीपिंग आणि पँट्रीची छोटी कंपनी आहे, ऑफिसांना माणसं पुरवतो. स्वतःच्या रोलवर 22 जण आणि काम वाढलं की एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून अजून 15-20 घेतो. एका क्लायंटची मूळ कंपनी इंग्लंडची आहे, त्यांनी सहा पानी फॉर्म पाठवलाय, तुमच्या सप्लाय चेनमध्ये मॉडर्न स्लेव्हरी आहे का, ती होऊ नये म्हणून काय करता वगैरे. माझे पार्टनर म्हणतात सगळीकडे ‘नाही’ टिक करून दे पाठवून, आपल्याकडे कुठे आलेत गुलाम. पण मला काही ते पटत नाहीये. काय करू?
एक वाचक, पिंपरी

उत्तर: पटत नाहीये ना, मग नकाच पाठवू अजून. फॉर्मसाठी आठवडाभराची मुदत मागून घ्या, देतात.

आधी हे येतंय कुठून ते सांगते. इंग्लंडमध्ये 2015 साली मॉडर्न स्लेव्हरीचा कायदा झाला, ज्यांची वर्षाची उलाढाल 3 कोटी 60 लाख पाउंड किंवा त्याहून जास्त आहे त्यांना दरवर्षी जाहीर करावं लागतं की आम्ही या बाबतीत काय केलं, म्हणून ते तुम्हाला विचारतायत. तो कायदा तुम्हाला थेट लागू नाही. पण आपला स्वतःचा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 पासून आहे आणि तो कंपनी छोटी की मोठी बघत नाही.

आता ‘कुठे आलेत गुलाम’ याबद्दल. आपल्याकडे हे सगळं उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांतून होतं. ऊसतोडीत मुकादम उचल देतो, सीझन संपला तरी फिटत नाही, मग पुढच्या वर्षी परत त्याच्याकडेच कोयता, हे बीडकडच्या कुणालाही विचारा. वीटभट्टीवर तेच. शहरात रूप जरा बदलतं एवढंच, कॉन्ट्रॅक्टर गावात जाऊन घरच्यांच्या हातात तीस-चाळीस हजार ठेवतो, माणूस इथे आणतो, खोली त्याचीच, जेवणाचे पैसे तोच कापतो आणि हिशोब त्याच्याच वहीत, माणसाला माहितीच नाही की किती फिटले न् किती राहिले.

मी बरीच वर्षं पीएफ आणि लेबर कायद्याची कामं करते. एका साइटवर हजेरीचं मस्टर चोख होतं, पगार प्रत्येकीच्या बँक खात्यात जात होता, स्लिपवर सह्या होत्या, आणि सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये रबर बँड लावलेली 11 बायकांची एटीएम कार्डं मिळाली. पगार झाला की तोच काढायचा आणि कापून उरलेले हातात द्यायचा. कागद बघून हे कधीच कळलं नसतं, एका बाईने घाबरत घाबरत सांगितलं म्हणून कळलं.

म्हणून कागदाच्या आधी माणसांशी बोला. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस समोर नको, आणि त्यांच्या भाषेत बोलणारं कुणीतरी बरोबर न्या. उचल घेतलीय का, किती राहिली, हे विचारा. एटीएम कार्ड आणि आधार कार्ड कुणाकडे असतं, हातात नक्की किती पडतात, आणि उद्या गावाला जायचं म्हटलंस तर जाऊ देतील का? या शेवटच्या प्रश्नाला माणूस गप्प झाला तर तिथेच थांबून नीट ऐका. कागदपत्रं अडकवणं, पगार रोखणं, कर्जात बांधणं, धमकावणं, ही सगळी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितलेली सक्तमजुरीची लक्षणं आहेत.

दुसरी गोष्ट थोडी कडू लागेल पण सांगतेच. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला रेट काय देता? समजा पगार 14000 धरला. त्यावर मालकाचा पीएफ 13 टक्के म्हणजे 1820, ईएसआय म्हणजे कामगार विमा 3.25 टक्के म्हणजे 455, बोनस 8.33 टक्के म्हणजे 1166. झाले 17441, अजून सुट्ट्या, युनिफॉर्म आणि त्याचं कमिशन धरलेलंच नाही. आणि तुम्ही जर माणशी 15500 देत असाल तर तो बाकीचे कुठून आणणार, माणसाच्या पोटातूनच ना. 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा घटनेच्या कलम 23 खाली सक्तमजुरीच. त्यामुळे स्वस्तातलं कोटेशन दिसलं की आनंद व्हायच्या आधी हा हिशोब मांडायचा, आणि क्लायंट रेट पाडत असेल तर हाच कागद त्यांच्यापुढे ठेवायचा, फॉर्म त्यांनीच पाठवलाय ना.

काही सापडलं तर रागाच्या भरात कॉन्ट्रॅक्टरला रातोरात काढू नका. तो माणसं उचलून दुसरीकडे नेईल आणि तुमचा फॉर्म तेवढा स्वच्छ होईल. आधी कार्डं आणि कागदपत्रं ज्याची त्याला परत मिळवून द्या, जमेल तेवढ्यांना थेट स्वतःच्या रोलवर घ्या. वेठबिगारीतलं कर्ज कायद्याने संपतं, फेडायचं नसतंच, आणि ते तसलं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर असते, हे त्या माणसांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. वकील लागला तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे, 15100, वेठबिगारीच्या पीडितांना उत्पन्न न बघता मोफत मिळतो.

युनिफॉर्म कुठे शिवले जातात, लाँड्री कुठे होते तेही एकदा प्रत्यक्ष जाऊन बघून या, पण सुरुवात माणसांपासून.

आणि फॉर्ममध्ये खरं लिहा. ‘इतक्या जणांशी बोललो, हे आढळलं, हे सुधारलं, हे अजून बाकी आहे.’

प्रश्न: आमचं केटरिंग आहे. मुलांना लग्न, आजारपणाला आम्ही पगारातून ॲडव्हान्स देतो. वेठबिगारीबद्दल वाचून वाचून भीती वाटायला लागलीय, तो पण गुन्हा का?
एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही हो दादा, अडीनडीला मदत करणं गुन्हा नाही. फक्त व्याज लावू नका, रक्कम आणि हप्ता लिहून एक प्रत त्याला द्या, हप्ता इतकाच ठेवा की घर चालेल. आणि तो काम सोडून जातो म्हणाला तर ‘आधी पैसे फेड मग जा’ असं कधीही म्हणायचं नाही, राहिलेले पैसे नंतर मागा, माणूस अडवू नका.